देव वादी असलेली कादंबरी लिहिताना

अवसर आलेला, म्हणजे अंगात देव आलेला, गुरव भर देवळात, सगळ्या गावासमोर म्हणतो, "ही जमीन देवाची आसा. तुमची कोणाचीच न्हय." पुढे काही महिन्यांनी तो मरतो. त्याच जमिनीचा दावा कोर्टात उभा राहतो आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांपुढे प्रश्न येतो की ते वाक्य बोललं कोण? देव की गुरव?

माझ्या कादंबरीचा जीव या प्रश्नात आहे. तो हाती लागला तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. कारण दाव्यात वादी खुद्द देव आहे. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 21 सांगतं की पक्षकाराने स्वतःच्या फायद्याचं जे काही म्हटलं असेल, ते त्याच्याच बाजूने एरवी शाबीत करता येत नाही. म्हणजे देव बोलला असं धरलं, तर ते बोलणं देवाच्या काहीच कामाचं नाही. पण गुरव बोलला असं धरलं की सगळं पालटतं. हयात नसलेल्या माणसाने स्वतःच्या मालकीहक्काच्या विरुद्ध केलेलं विधान कलम 32(3) खाली पुराव्यात येतं. गुरवाच्या घराण्याचा दावाच असा की जमीन त्यांची खाजगी. आणि तोच म्हणून गेला की जमीन देवाची.

आता देवाचा वकील बघा. हा माणूस सकाळी देवाला नारळ ठेवल्याशिवाय कोर्टाची पायरी चढत नाही. देव त्या दिवशी बोलला याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. आणि त्यालाच उभं राहून सांगावं लागतं की देव बोललाच नाही, बोलला तो हाडामांसाचा माणूस. समोर गुरवाच्या पुतण्याचा वकील. अंगात येण्यावर त्याचा काडीचा विश्वास नाही. पण अशिलासाठी त्याला म्हणावं लागतं की त्या वेळी गुरव गुरव नव्हताच, ते शब्द त्याचे धरता येत नाहीत. कायद्यानेच दोघांच्या श्रद्धांची अदलाबदल करून टाकली. कलम 18 चा, म्हणजे ज्याच्याकडून हक्क आला त्याच्या कबुलीचा, रस्ता धरून पाहिला. तोही फिरून तिथेच येतो.

मी दक्षिण कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करते. वाटप, वहिवाट, कुळकायदा, देवस्थानं हेच माझं रोजचं काम. रहस्यकथा लहानपणापासून वाचत आले आणि भुताखेताच्या गोष्टी ऐकण्यात तर आमच्याकडे कोणी कमी नाही. तरी कोर्ट आणि देऊळ एकाच कादंबरीत आणायचं मनात आलं, तेव्हा एक गोष्ट मी आधीच पक्की केली. चमत्कार कोर्टाच्या कागदावर येणार नाही. जे काही अद्‌भुत घडेल ते कोणा ना कोणा माणसाच्या तोंडून येईल, आणि त्या माणसाचा उलटतपास होईल. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात भूत उभं केलं की कायदाही मरतो आणि भीतीही मरते. घाबरलेला, पण शपथेवर बोलणारा माणूस उभा केला की दोन्ही जिवंत राहतात.

काळ ठरला तो एका रद्द झालेल्या कायद्यामुळे. बार रूमच्या कपाटात जुन्या कायद्यांची पुस्तकं असतात, त्यात 1873 चा शपथ कायदा सापडला. त्याची कलमं 8 ते 12 वाचून मी थक्क झाले. एक पक्षकार दुसऱ्याला म्हणू शकत होता: तू तुझ्या धर्माच्या रीतीने, आपल्या देवासमोर शपथ घेऊन सांग, मी ते मान्य करीन. समोरचा तयार झाला तर कोर्ट तशी शपथ देववत असे. कोर्टात देणं सोयीचं नसेल तर त्यासाठी कमिशन काढता येई, म्हणजे कोर्टाच्या वतीने माणूस नेमून पाठवता येई. आणि शपथेवर तो जे सांगेल, ते म्हणणं देऊ करणाऱ्याविरुद्ध निर्णायक पुरावा. मग कागद, साक्षीदार, सातबारा कशाचीही मात्रा चालत नाही. समोरच्याने नकार दिला तर सक्ती नाही, पण कोणती शपथ सुचवली होती, त्याने नाकारली आणि का नाकारली, हे कोर्टाने लिहून ठेवायचं.

हे सगळं इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात, स्वच्छ कलमांत. विधी आयोगाने 1965 च्या 28 व्या अहवालात या कायद्याची तपासणी केली आणि 1969 चा नवा शपथ कायदा आला त्यात ही कलमं उरली नाहीत. म्हणून माझी कादंबरी 1967 मध्ये घडते. कायदा जिवंत आहे, पण त्याचे दिवस भरत आलेत. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाही नव्हता. तो 1981 मध्ये झाला, त्याआधी सगळं रत्नागिरीच. गुरवाच्या मरणाची पोलीस चौकशी 1898 च्या फौजदारी संहितेखाली. पुरावा कायद्याची कलमंही जुन्याच आकड्यांनी; 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाल्यावर आमच्या जिभेवरचे आकडे बदलले, कादंबरीत मात्र ते तसेच राहिले याचं मला फार समाधान आहे. जादूटोणाविरोधी कायदा 2013 चा, म्हणजे तोही नाही. त्या काळातल्या माणसांना त्यांच्याच काळाचा कायदा पुरला पाहिजे.

1967 ने आणखी एक देणगी दिली. देवस्थानचा कारभारी स्वतःच देवाच्या हिताविरुद्ध वागत असेल, तर देवाच्या वतीने एखादा भक्त दावा लावू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत बिश्वनाथ विरुद्ध ठाकूर राधाबल्लभजी या खटल्यात म्हटलं. माझ्या गावातला मानकरी जून महिन्यात दावा दाखल करतो. तेव्हा त्याच्या वकिलाच्या हातात हा निकाल नवाकोरा आहे आणि समोरच्या वकिलाने तो अजून वाचलेला नाही. पहिल्या सुनावणीतली चुरस मला आयती मिळाली.

देव कायद्याने व्यक्ती आहे हे आज बहुतेकांना ठाऊक आहे. 9 नोव्हेंबर 2019 च्या अयोध्येच्या निकालात रामलल्ला विराजमान पक्षकार होते, ते घराघरांत टीव्हीवर ऐकलं गेलं. मला मात्र त्याहून जवळचा वाटला तो 1925 चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या शेवटच्या अपील कोर्टाचा, निकाल, कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याचा. भाऊबंदांमधली भांडणं. ज्याची पूजेची पाळी असेल त्याने कुलदेवतेची मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची की नाही? लंडनच्या न्यायमूर्तींनी म्हटलं की मूर्तीच्या स्वतःच्या इच्छेचाही मान राखला पाहिजे, आणि ती इच्छा मांडायला तिच्या वतीने निःस्वार्थी माणूस उभा करा. देवाची इच्छा काय, हे कोर्ट माणसाकडून विचारून घेणार! ज्या गावात रोज देवाला कौल लावला जातो, तिथल्या माणसाला यात अजब काय वाटणार? कोर्टाची आणि गुरवाची वाट इथे एक होते, आणि माझी कादंबरी याच वाटेवर चालते.

तमिळनाडूतल्या पत्तूरचा नटराजही मी पुष्कळ वाचला. 1976 मध्ये जमिनीतून निघालेली मूर्ती चोरट्या मार्गाने लंडनला गेली आणि पडझड झालेल्या देवळाच्या नावाने तिच्यासाठी दावा चालला. 1991 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने मानलं की असं देऊळ कायद्याने दावा लावू शकतं. मूर्ती परत आली. काळ पुढचा असल्यामुळे त्याचा उल्लेखही कादंबरीत नाही, पण त्याने मला सूर दिला. इतकी विलक्षण गोष्ट त्या लोकांनी किती थंडपणे, एकेक मुद्दा घेत लिहिली आहे! अद्‌भुत गोष्ट सांगताना आवाज चढवायचा नाही, हे मी तिथे शिकले.

जमिनीचा भाग लिहिताना सगळ्यात जास्त कस लागला आणि तोच भाग मला आज सर्वांत खरा वाटतो. पहिली काळजी कलम 80 ची. सार्वजनिक विश्वस्त कायदा 1950 खाली देवस्थान सार्वजनिक की खाजगी, हे धर्मादाय आयुक्तांकडे ठरतं. दिवाणी कोर्टाला तिथे हात घालता येत नाही. म्हणून माझ्या कथेत देऊळ आधीच सार्वजनिक म्हणून नोंदलेलं आहे. पुतण्याचं म्हणणं एवढंच की देवळाशी आमचं भांडण नाही, पण ही जमीन आजोबांनी पदरच्या पैशाने घेतलेली, ती देवाची कधी नव्हतीच. असा परका हक्क सांगितला की मालकीचा दावा दिवाणी कोर्टात चालू शकतो. वाचकाला या खाचाखोचा समजायलाच हव्यात असं नाही. पण एखादा वकील वाचक तिथे अडला तर पुढचं सगळं त्याला खोटं वाटेल.

मग कुळकायदा. 1 एप्रिल 1957, कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार झालं. पण नोंदणी झालेल्या सार्वजनिक देवस्थानाची जमीन असेल आणि तिचं सगळं उत्पन्न देवकार्यालाच लागत असेल, तर कलम 88 ब प्रमाणे सूट मिळते, कलेक्टरच्या दाखल्याने. याचा अर्थ काय होतो ते नीट पाहा. दाव्यात देव जिंकला तर कुळांच्या हातून जमीन जाते. देव हरला तर कलम 32 ग ची, म्हणजे कुळाची खरेदी ठरवण्याची, चौकशी होऊन ती कुळांच्या नावावर चढते. आणि कुळं कोण? देवाची पालखी खांद्यावर घेणारीच माणसं. वर्षानुवर्षं खंड घातलेला, पाऊस गेला तर त्याच देवाला गाऱ्हाणं घातलेलं. पुतण्याला हवी आहे फक्त हापूसची बाग; भातजमीन कुळांकडे गेली तरी त्याची ना नाही, आणि म्हणून आतून कुळं त्याच्याकडे झुकलेली. गुरव विहिरीत मेलेला सापडतो तेव्हा पोलीस आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद करून मोकळे होतात. गावात मात्र प्रत्येकाला कारण आहे. गुरव मरावा असं वाटण्याचं, आणि देव खोटा पडावा असं वाटण्याचंही.

इथपर्यंत आल्यावर मला कळलं की या कादंबरीत भीती कुठून येणार. वेताळाने झाडावरून हाक मारण्यापेक्षा, ज्या देवाला आयुष्यभर हात जोडले त्याने आपल्याविरुद्ध दावा जिंकावा, ही भीती फार मोठी आहे.

देवळातल्या गोष्टी मी ऐकीव लिहायच्या नाहीत असं ठरवलं होतं. कौल लावण्याची रीत आमच्याकडे गावागणिक बदलते. मी ज्या देवळात बसून पाहिलं तिथे पाषाणावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवत. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन भावांचं घर वाटून घ्यावं की नाही, असा प्रश्न होता. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा" म्हणून, आणि मागची माणसं एकेका वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत राहिली. मग सगळे थांबले. मी जवळ होते, पाकळी स्पष्ट दिसत होती. तिच्या कडेचं पाणी आधी सुकतं, कड वर उचलली जाते, मग ती एका टोकावर लोंबकळत राहते. डावी पाकळी तशी बराच वेळ लोंबली. थोरला भाऊ पाकळीकडे बघतच नव्हता. तो धाकट्या भावाकडे बघत होता. धाकट्याची नजर पायांवर. अखेर उजवी पडली, आणि थोरल्याच्या तोंडून जो उसासा निघाला तो आनंदाचा होता की आणखी कशाचा, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

कादंबरीत कोर्टाचा कमिशनर पाकळी का पडते याची टाचणं काढतो: पाणी किती, दगड कुठे जास्त ओला, वारा कुठल्या दारातून. त्याचं सगळं निरीक्षण बरोबर आहे आणि मी ते पूर्ण आदराने लिहिलं आहे. मात्र त्याला भावांचे चेहरे दिसत नाहीत. ते गुरवाच्या विधवेला दिसतात, आणि पुढे खुनाचा धागा तिला सापडतो तो पाकळीवरून नाही, त्या वेळी कोण कोणाकडे बघत होतं यावरून.

अवसराबद्दल मी फार सांभाळून लिहिलं. लोकांच्या श्रद्धेच्या गाभ्याला हात घालताना तो धुतलेला असावा असं मला वाटतं. खरं गाव, खरा देव घेतला नाही. ज्या मानकऱ्यांकडून रीतीभाती समजून घेतल्या त्यांना कशासाठी विचारते ते आधी सांगितलं. एका गुरव घरातल्या बाईंना ती प्रकरणं वाचायला दिली. त्यांनी एकच गोष्ट बदलायला लावली. मी लिहिलं होतं की अवसर उतरल्यावर गुरव दमून झोपतो. त्या म्हणाल्या, "झोपणा नाय. तो पयलो विचारता, मी काय बोललंय?" या वाक्याने माझा अख्खा खटला हलला. कारण मग उलटतपासात हा प्रश्न आपोआप येतो: अवसर उतरल्यावर मयताने 'मी काय बोललो' असं विचारलं होतं, हे खरं आहे का? खरं असेल तर बोलणारा तो नव्हता असं पुतण्याचा वकील म्हणणार. आणि साक्षीला उभी आहे त्याची विधवा. खोटं सांगितलं तर देवाचा दावा टिकतो. खरं सांगितलं तर देव हरतो. देवळात खोटं बोलू नये हे तिला देवानेच शिकवलेलं.

जबान्या लिहिण्यात मला सर्वाधिक आनंद मिळाला. तालुक्याच्या कोर्टांत आता कामकाज मराठीत चालतं, त्या काळी न्यायाधीश साक्ष इंग्रजीत टिपून घेत. पण साचा तोच. प्रश्न कागदावर येत नाही, फक्त उत्तर येतं, तेही सपाट होऊन: 'हे म्हणणे खरे आहे की मी त्या दिवशी देवळात होते. असे म्हणणे खोटे आहे की मी हे कोणाच्या सांगण्यावरून बोलत आहे.' माणूस पिंजऱ्यात रडतो, अडखळतो, मालवणीत शिव्या घालतो. साक्षीच्या नकलेत यातलं काही उरत नाही. मी प्रत्येक मोठी साक्ष दोनदा लिहिली. एकदा जशी घडली तशी, आणि तिच्याखाली जशी नोंदली गेली तशी. दोन्हींच्या मधल्या जागेत वाचकाने उभं राहावं, ही माझी कल्पना.

या साच्याला एकच फट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 18 मधला रूल 12: साक्षीदाराच्या वागण्याबद्दल कोर्टाला काही नमूद करावंसं वाटलं तर ते करता येतं. माझे न्यायाधीश कोरडे, नेमके, घाटावरून बदलून आलेले. साऱ्या खटल्यात ते ही मुभा एकदाच वापरतात. पुतण्याचा उलटतपास चालू आहे, गुरवाला शेवटचं केव्हा पाहिलं असा प्रश्न आहे, आणि न्यायाधीश कंसात लिहितात: 'उत्तर देण्यापूर्वी साक्षीदाराने मागील रिकाम्या बाकाकडे दोन वेळा पाहिले व जागा करून देण्यासाठी हात केला.' बस. पुढच्या ओळीला उत्तर. हे वाक्य बसवायला मला जितके दिवस लागले तितके एखाद्या प्रकरणाला लागले नाहीत. ज्या मित्रमैत्रिणींनी हस्तलिखित वाचलं त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी याच वाक्याबद्दल फोन केला.

मध्ये काही काळ मोडी शिकण्यात गेला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, आणि दिव्याचे, म्हणजे देवाला साक्षी ठेवून खरंखोटं ठरवण्याच्या कसोटीचे, कागद वाचावेत अशी फार इच्छा होती. रवादिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर, आणि तिसऱ्या दिवशी पिशवी सोडून हात पाहायचे. त्याआधी दोन्ही पक्षांनी 'आम्ही हा निकाल मानू' म्हणून राजीनामा लिहून द्यायचा. त्या काळात राजीनामा म्हणजे राजीखुशीचा करार. यावर मी एक मोठं प्रकरण लिहिलं होतं. नंतर ते चार पानांवर आणलं, कारण त्यातला राजीनामा तेवढा मला हवा होता. तप्त तेल गेलं, मोहोर गेली, पण 'देवासमोर तू जे म्हणशील ते मी मानीन' हे माणसाचं दुसऱ्याला सांगणं 1873 च्या कायद्यात जसंच्या तसं येऊन बसलं होतं.

शपथेचं प्रकरण हा कादंबरीचा कळस आहे. सगळे पुरावे देवाच्या बाजूने वळत असताना म्हातारा मानकरी भर कोर्टात उठून म्हणतो की पुतण्याने उंबऱ्यावर हात ठेवून सांगावं, आम्ही मानू. वकील त्याचा सदरा ओढतो. पण गावाची खात्री आहे की त्या उंबऱ्यावर खोटं बोलायची कोणाची छाती होणार नाही. विधवेचं म्हणणं, पुतण्याने स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही हात ठेवावा. कोर्ट ते नाकारतं, कारण तिसऱ्या माणसावर परिणाम होईल अशी शपथ त्या कायद्याला मंजूर नव्हती. किती शहाणी तरतूद! ज्यांनी ती लिहिली त्यांनी गावातल्या शपथा ऐकल्या असणार. माझ्या कादंबरीत मात्र त्याच तरतुदीमुळे पुढचं सगळं घडतं. कायद्याने मुलाला शपथेतून वगळलं, हे गावाला कोण समजावणार? आणि मुलाला कोण समजावणार?

कमिशनर देवळात येतो, वहाणा काढतो, दौत खांबाच्या आडोशाला ठेवतो, शाई वाऱ्याने उडू नये म्हणून. पुतण्या शपथ घेतो. कोर्टाच्या दृष्टीने खटला तिथे संपला. निकालपत्र मी संपूर्ण लिहिलं आहे, मुद्दे आणि निष्कर्षांच्या रकान्यांसह. 'ते वाक्य कोण बोललं' या मुद्द्यासमोर न्यायाधीश लिहितात, 'उद्भवत नाही.' अपिलात मात्र देवाचा वकील ऑर्डर 32 चा रूल 7 काढतो. अज्ञानाच्या, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या पक्षकाराच्या, वतीने तडजोड करायची तर कोर्टाची परवानगी लागते. देवाची स्थिती अज्ञानासारखी, तर म्हाताऱ्याने परवानगीशिवाय देवाला शपथेला बांधलं कसं? त्याचं काय झालं आणि मुलाचं काय झालं, ते वाचकांसाठी ठेवते.

हस्तलिखित आता संपादनात आहे. मालवणी संवादांना खाली अर्थ द्यावेत असं सुचवण्यात आलं. मी नको म्हटलं. घाटावरच्या आणि विदर्भातल्या वाचकाला दोन पानांत कान बसतो, हा माझा भरवसा आहे. एक प्रकरण मात्र मी स्वतःहून वाढवते आहे. जमीन कसणाऱ्या एका बाईचं. नवरा मुंबईत गिरणीत. लावणी, बेणणी, कापणी सगळी तिची, सातबाऱ्याच्या कुळाच्या रकान्यात नाव त्याचं. गुरव मेला त्या संध्याकाळी ती विहिरीपलीकडच्या कुणग्यात, भाताच्या लहान शेतात, होती. दोन्ही बाजूंच्या साक्षीदारांच्या यादीत ती नाही, कारण कागदाला ती माहीतच नाही. तिने पाहिलं ते सांगायला तिला कोर्ट नाही आणि देवळात बोलायला तिचा मान नाही. ती कुठे बोलते, एवढंच लिहायचं राहिलं आहे.